माळीबुवा ते झेलेअण्णा

प्रश्न : निळू फुले आधी माळीकाम करायचे, असं वडील सांगतात. मग ते थेट सिनेमातले खलनायक कसे झाले?

उत्तर : वडील सांगतात ते खरं आहे. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत निळूभाऊ माळी होते. स्वतःची रोपवाटिका काढायची हौस होती, पण भांडवल नव्हतं. पगार महिन्याला ऐंशी रुपये आणि त्यातले दहा राष्ट्र सेवा दलाला जायचे, असं सांगितलं जातं. तुमच्या प्रश्नातला 'थेट' मात्र खोडायला हवा. मधली बरीच वर्षं सेवा दलाच्या कलापथकात गेली.

या कलापथकाचं काम करमणुकीतून प्रबोधन करण्याचं. गण-गौळण, बतावणी, वग हा तमाशाचाच बाज घ्यायचा आणि त्यातून पुढाऱ्यांची, गावगुंडांची टोपी उडवायची. १९५७च्या निवडणुकीआधी 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हे लोकनाट्य निळूभाऊंनी स्वतः लिहिलं. पु. ल. देशपांड्यांच्या 'पुढारी पाहिजे'मधल्या रोंग्याने त्यांचं नाव झालं, तर 'कथा अकलेच्या कांद्याची'ने ते गावोगाव पोचवलं. वगात संहिता असते ती जेमतेम आधाराला. बाकी समोरच्याचं बोलणं झेलून तिथल्या तिथे परतवायचं. कुठे थांबायचं, कुठला शब्द चावून टाकायचा, हे तिथे प्रेक्षकच शिकवतो. आणि सत्तेची मस्ती चढलेला माणूस कसा बसतो, कसा बघतो, हे टिंगल करण्यासाठी का होईना, बारकाईने पाहावंच लागतं.

१९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'त झेलेअण्णा साकारायची वेळ आली, तेव्हा ही शिदोरी तयार होती. मग सरपंच, पाटील, सावकार अशा भूमिकांची रांगच लागली. त्यांतल्या कित्येक एकाच साच्यातल्या होत्या, हे चाहत्यांनीही कबूल करावं. पण १९७२मध्ये रंगभूमीवर तेंडुलकरांचा 'सखाराम बाईंडर' त्यांनी उभा केला आणि १९७५च्या 'सामना'त साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील. हा हिंदुराव आवाज न चढवताही धडकी भरवतो. समोर डॉ. श्रीराम लागूंचे मास्तर असल्यामुळे त्याला आणखीच धार येते.

वडिलांबरोबर बसून 'सिंहासन' (१९७९) जरूर पाहा. त्यात निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस आहेत. पुढाऱ्यांचे डाव या वेळी त्यांनी खेळायचे नाहीत, नुसते बघायचे आहेत.