घराला कठडा

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८, लूक १०:२५-३७



नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही, असे मोशेने इस्राएलाला सांगितले. तिथल्या गच्च्या रोजच्या वापरातल्या होत्या. राहाबेने हेर गच्चीवरच लपवले, पेत्र यापोत प्रार्थनेला गच्चीवरच गेला. पडणाऱ्याने जपून चालावे हे खरेच, पण आज्ञा बांधणाऱ्याला आहे.

हे वचन मी अनेकदा शिकवले होते. कळले मात्र चाकणच्या रस्त्यावर.

खेडच्या पश्चिमेकडच्या ठाकरवाडीतला एक तरुण चाकणला कंत्राटी कामावर लागला. दुसरी पाळी सुटल्यावर रात्री खोलीवर जायला वाहन मिळेना. मंडळीने वर्गणी काढून त्याला विजेची स्कूटर घेऊन दिली. दुकानदार म्हणाला, "मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी. लायसन्स नको, पासिंग नको, हेल्मेटही नको." पैसे वाचले म्हणून आम्हाला बरेच वाटले. हार घातला, प्रार्थना केली आणि किल्ली दिली.

पावसाळ्यात आंबेठाण रस्त्यावर पाण्याने भरलेला खड्डा त्याला दिसला नाही. डोक्यावर कंपनीची पिवळी टोपी होती. ती आधी उडाली, मग तो पडला. चार महिने कामावर जाता आले नाही, आजही एका कानाने ऐकू येत नाही. दवाखान्यात त्याची आई मला म्हणाली, "दादा, गाडीबरोबर डोक्याचं काही मिळत नाही का?"

दुकानदाराचा नियम खोटा नव्हता. तेवढ्या कमी ताकदीची गाडी कायद्याने मोटार वाहन ठरत नाही. पण डांबराला वॉट कळत नाहीत. हिरव्या पाटीची, म्हणजे नोंदणी झालेली विजेची गाडी असेल, तर लायसन्स, विमा आणि हेल्मेट बंधनकारकच आहे. हेल्मेट नसल्यास कायद्यात १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबनाची तरतूद आहे. मागे एकच माणूस बसवता येतो आणि त्यालाही हेल्मेट लागते. पाळी सुटल्यावर तिघे-तिघे बसून जाताना आपण रोज पाहतो.

हेल्मेट आयएसआय शिक्क्याचे, आयएस ४१५१ लिहिलेले घ्यावे. हनुवटीखालचा पट्टा लावलेला हवा, कोपराला अडकवलेले हेल्मेट कोपरच वाचवते. कारखान्याची टोपी वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असते, रस्त्यासाठी नव्हे. कंपनीचे सेफ्टी बूट मात्र गाडीवरही उपयोगी. रात्रपाळीवाल्याने चमकत्या पट्ट्यांचे जाकीट घालावे.

तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या डाव्या बाजूने कधीही पुढे घुसू नये. तो डावीकडे वळताना चालकाला तुम्ही दिसत नाही आणि विजेच्या गाडीला आवाज नसल्याने ऐकूही येत नाही.

लूकमधला शोमरोनी जखमीजवळ थांबला. आपले लोक पोलिसांच्या चौकशीला भिऊन थांबत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर त्यामुळे कारवाई होत नाही आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही करता येत नाही. वाडीवर हे मुद्दाम सांगा.

आता आमच्या मंडळीत गाडीची वर्गणी काढताना दोन हेल्मेटची किंमत आधी धरतो. त्या मुलाने पुन्हा स्कूटर काढली आहे. मागे बसणारा मित्र हेल्मेट घालायला कुरकुर करतो, तेव्हा तो गाडी सुरूच करत नाही.

गटात चर्चेसाठी : गेल्या वर्षी आपण कोणाला काय दिले, आणि त्याचा कठडा कोणता राहून गेला?