टाचणीवरून मशीन चालवलं तर केवढ्याला पडतं?

लग्नसराई लागली की पांढुर्णा-सौंसरकडे घरोघरच्या शिलाई मशिनांना उसंत नसते. अस्तराचे ब्लाउज एकावर एक साचतात. मग टाचण्या काढत बसायला वेळ कुणाला? सुई सरळ त्यांच्यावरून जाते. टाचणी आडवी लावली की काही होत नाही, असं शिकवणाऱ्याही सांगतात. आडव्या टाचणीने धोका कमी होतो हे खरं, पण टळत नाही.

हिशेब मांडून बघा. भाव अंदाजे आहेत, दुकानागणिक थोडं मागेपुढे होईल. साधी सुई पाच-दहा रुपयांची. ती मोडली तर स्वस्तात सुटलात. न मोडता नुसती वाकली, तर ती खाली सटलच्या टोकाला घासते, तिथे बारीक ओरखडा उठतो आणि दोरा त्यात अडकू लागतो. टाके सुटतात, दोरा तुटतो. आपण वर टेन्शनचा स्क्रू पिळत बसतो आणि दोष असतो खाली. सटल बदलायचं तर शंभर ते अडीचशे, कारागिराने टायमिंग जुळवून दिलं तर त्याचे वेगळे दोन-चारशे. जुन्या मशिनाचा भाग इथे मिळाला नाही तर नागपूर गाठायचं. भाडं तर लागतंच, दिवसाची मजुरीही बुडते.

पायाच्या मशिनावर धक्का कळतो, पाय थांबतो. मोटारीवर थांबेपर्यंत चार टाके पडून गेलेले असतात. 2023 पासून पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामासाठी अवजारांना 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. त्यातून मोटारीचं मशीन घरात आलं असेल, तर टाचणीची जुनी सवय तिथेच सोडा.

डोळ्याचा हिशेब मात्र रुपयांत होत नाही. मोडलेल्या सुईचं टोक कुठे उडेल याचा नेम नसतो. चष्मा नसेल तर साधा पारदर्शक गॉगल घ्या, शंभराच्या आसपास मिळतो. तुकडा डोळ्यात गेलाच तर चोळू नका, स्वतः काढू नका, तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

उपाय जवळजवळ फुकटचा आहे. टाचणी पायाखाली जाण्याआधी बोटभर अंतरावर काढून घ्या. सरकणाऱ्या रेशमी कापडाला आधी हाताने कच्चा धावदोरा घाला. दहा मिनिटं जातात, पण काठ जागचा हलत नाही. सुई टाचणीला लागल्यासारखी वाटली तर तिचं टोक नखावरून ओढून बघा. खरखर लागली की सुई फेका. तीच घासून वापरणं मला मुळीच पटत नाही. प्लेटचं भोकही चाचपा.

निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे जुळवून दाखवल्याशिवाय नवी सुई हाती देत नाहीत. घरी शिवणाऱ्यांनीही हा नियम पाळावा. तुकडे पांढऱ्या कागदावर जुळवा. टोक सापडलं नाही तर सटल उघडा, शिवण चाचपा, अस्तर उलटून बघा. तोवर ब्लाउज गिऱ्हाईकाला देऊ नका, लहान मुलाचं झबलं तर नाहीच नाही.