जॉ प्लेट घेताय? किलोचा नव्हे, टनाचा भाव पाहा

विजेचं आणि डिझेलचं बिल दर महिन्याला येतं, त्यामुळे खडी क्रशरवाल्यांचं त्यावर बारीक लक्ष असतं. जॉ प्लेटचा, म्हणजे क्रशरमध्ये दगड चिरडणाऱ्या प्लेटचा, खर्च मात्र झिजत झिजत होतो. नवी जोडी घ्यायची वेळ आली की फाउंड्रीला एकच प्रश्न जातो : किलोला काय भाव? एवढ्यावर सौदा केलात तर नुकसान ठरलेलं.

धातू मार खाऊनच कडक होतो

या प्लेटा मँगनीज पोलादाच्या असतात. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डने ते १८८२ मध्ये शोधलं. त्यात मँगनीज सुमारे ११ ते १४ टक्के, कार्बन १ ते १.४ टक्के. साधं पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं. हे हजार अंशांच्या वर तापवून बुडवलं की चिवट होतं.

नव्या प्लेटचा कडकपणा ब्रिनेल मापात २०० च्या आसपास असतो. दगडाचा दणका बसला की धातूतले अणूंचे थर सरकतात आणि स्फटिकांत आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे बसलेले बारीक पट्टे तयार होतात. हे पट्टे पुढच्या सरकण्याला आडवे येतात. मार वाढेल तसे पट्टे दाटतात आणि वरची काही मिलिमीटरची साल ५०० ब्रिनेलपर्यंत जाऊ शकते. आतला धातू चिवटच राहतो, म्हणून प्लेट तडकत नाही.

मात्र दणका नसेल तर ही साल तयार होत नाही. ज्या च्यूटवरून फक्त वाळू घसरते, तिथे मँगनीजचं अस्तर लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

दगड कोणता?

प्लेट किती टिकेल हे दगडातल्या क्वार्ट्झवरही ठरतं. जयपूरजवळचा आमेरचा किल्ला आणि जयगड ज्या टेकड्यांवर उभे आहेत, तिथला दगड क्वार्टझाइट, बहुतांशी क्वार्ट्झचा. आपला काळा पाषाण टणक खरा, पण त्यात मोकळा क्वार्ट्झ नाममात्र. पुण्या-साताऱ्याच्या कोणी जयपूरकडे काम घेतलं, तर इकडच्या प्लेटचं आयुष्य तिकडे गृहीत धरू नये. क्वार्टझाइट प्लेट फार लवकर खातो.

हिशेब असा करा

पद्धत कळावी म्हणून सोयीचे आकडे घेतले आहेत. तुमचे आकडे घालून पाहा. जोडी ४०० किलोची, बदलण्याची मजुरी १०,००० रुपये, जुन्या प्लेटच्या भंगाराचे १०,००० रुपये परत.

- पहिली फाउंड्री : किलोला १५० रुपये, म्हणजे ६०,०००. खडी निघाली १०,००० टन. टनाला ६ रुपये.
- दुसरी फाउंड्री : किलोला १८० रुपये, म्हणजे ७२,०००. खडी १५,००० टन. टनाला ४ रुपये ८० पैसे.

म्हणजे महाग वाटलेली प्लेटच स्वस्त पडली. क्रशर बंद राहिल्याचं नुकसान यात धरलेलं नाही. ते धरलं तर फरक आणखी वाढतो. दर जीएसटी धरून की सोडून, आणि वाहतूक कोणाकडे, हे कागदावर घ्या.

घेताना तपासा

१. त्याच हीटचं (एका वेळी वितळवलेल्या धातूचं) टेस्ट सर्टिफिकेट मागा. कार्बन, मँगनीज पाहाच. फॉस्फरस जास्त असेल तर प्लेट ठिसूळ होते. आयएस २७६ हे या ओतकामाचं भारतीय मानक आहे.
२. कडेला थोडं ग्राइंड करून तिथे चुंबक लावा. चांगल्या मँगनीज पोलादाला तो जवळजवळ धरत नाही. न घासता लावू नका. ओतकामाची वरची पातळ साल थोडी ओढते आणि फसवते.
३. 'अठरा मँगनीज' (१८ टक्के मँगनीजचं पोलाद) महाग असतं. म्हणून तुमच्या दगडावर आधी एकच जोडी लावून टनांची नोंद ठेवा.

बसवल्यावर

प्लेट पाठीमागे सपाट टेकलीच पाहिजे. पोकळी राहिली तर तडा जातो. सुरुवातीचे काही तास चालवून बोल्ट पुन्हा आवळा. माराने प्लेट पसरते, तेव्हा कडांना आलेली कंगोरी घासून काढा. खालचा भाग जास्त झिजतो, म्हणून वेळेत उलटी करून लावा. गॅस कटरने कापू नका आणि वेल्डिंग करताना तापू देऊ नका. जास्त तापलं की चिवटपणा जातो.

उतरलेली प्लेट साध्या लोखंडाच्या ढिगात टाकू नका. मँगनीजचं भंगार वेगळं काढा, वेगळं तोला आणि त्याचा भाव वेगळा ठरवा.