पहिल्या आल्बमची घाई

धार, रविवार

चि. बाळास,


तुम्ही दोघांनी पाठवलेली आठही गाणी ऐकली. आधी इयरफोन लावून, मग मोठ्या स्पीकरवर. पुढच्या महिन्यात आल्बम प्रसिद्ध करावा का, असं तू विचारलं आहेस. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे बाकीचं पत्र धास्तीने वाचावं लागणार नाही. सहा गाणी चांगली आहेत, त्यातलं दुसरं तर फारच. तिसरं आणि पाचवं मात्र आहेत तशी बाहेर जाऊ देऊ नका, आणि त्यासाठी तारीख पुढे ढकलावी लागली तर ढकला.

तुझ्या बाबांना वाटतं की मशीनवर केलेलं ते संगीतच नव्हे. मला तसं वाटत नाही. मी ज्या गावात बसून लिहिते आहे, तिथल्या भोजराजाच्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात एक अख्खा अध्याय यंत्रांवर आहे. नाचणाऱ्या आणि वाद्यं वाजवणाऱ्या बाहुल्यांचं वर्णन त्यात येतं, आणि ते अकराव्या शतकातलं! अगदी आपल्या काळातलं बघायचं तर अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी त्यावर काम केलं. त्या टेपा पुढे कित्येक दशकं पडून होत्या, 2023मध्ये त्यांतलं निवडक संगीत प्रसिद्ध झालं. मुंबईत चरणजित सिंग हे सिनेसंगीतातले वादक. त्यांनी 1982 साली रोलंड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून रेकॉर्ड काढली. भैरव, ललित, तोडी, मेघमल्हार, मालकंस, सगळे त्यात आहेत. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या पोरांनी त्या तिन्हींतल्याच टीबी-303 या यंत्रातून ‘अ‍ॅसिड’ म्हणतात ते संगीत काढलं आणि ते जगभर वाजलं. चरणजितजींची रेकॉर्ड 2010मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा कुठे लोकांना कळलं की मुंबईत हे आधीच होऊन गेलं होतं. ती मिळवून ऐका. चरणजितजींनी त्या यंत्राची एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची खोड नेमकी हेरली आणि तिचा मींडेसारखा उपयोग केला. यंत्राकडून रागाचं काम करून घेणं म्हणतात ते हे.

आता तिसऱ्या गाण्याकडे येते. त्यात तुम्ही कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनाचा तुकडा कापून घातला आहे आणि तो चार-चार मात्रांनी फिरत राहतो. देवासात राहणाऱ्या मुलांना हा मोह होणारच. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं ‘भानुकुल’ हे घर आहे, लहानपणापासून तो आवाज कानावर आहे. पण कुमारजी देवासात काय करत होते, हे जरा नीट आठवून बघ.

हा मुलगा लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्याच वयातली. म्हणजे आज तुमचा लॅपटॉप जे करतो ते त्यांचा गळा तेव्हा करत होता. मुंबईला देवधर मास्तरांकडे गाणं शिकायला आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे सगळं दुसऱ्यांचं आहे, आपलं गाणं अजून सापडायचं आहे. पुढे क्षयाने गाठलं. माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून 1948च्या जानेवारीअखेर ते आणि त्यांच्या पत्नी भानुमतीबाई देवासला आले. जवळजवळ सहा वर्षं गायला बंदी. अंथरुणावर पडून जे कानावर येईल ते ऐकायचं: दळताना-कांडताना म्हटलेली गाणी, लग्नातली, पावसाची, दारावरून जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची भजनं. त्यांनी माळव्याची शेकडो लोकगीतं गोळा करून स्वरलिपीत उतरवली, आणि त्या धुनांच्या पोटात कोणता राग दडला आहे ते शोधलं. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी हे धुनउगम राग त्यातून आले. ‘अनूपरागविलास’चा पहिला भाग 1965 साली निघाला, तो तुझ्या आजीच्या कपाटात आहे. घेऊन जा.

बाळ, त्यांनी माळव्याचं गाणं उचलून आपल्या ख्यालात डकवलं नाही. त्या गाण्याची चाल कशी वळते, कुठे थांबते, एवढ्या तीन-चार स्वरांत एवढा परिणाम कसा साधते, हे समजून घेतलं आणि मग स्वतःचं रचलं. तुमच्या तिसऱ्या गाण्यात कुमारजींचा आवाज आला की तुमचं गाणं थांबतं. ऐकणारा त्यांना ऐकतो आणि तुम्ही मागे ठेका धरून उभे राहता. पहिल्याच आल्बममध्ये स्वतःची जागा अशी सोडून का देता? तो तुकडा काढा. शिवाय ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्या कायद्याने प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो, त्यामुळे परवानगीविना तो वापरता येत नाही, ते वेगळंच.

त्याच गाण्यात एक जागा तुमची स्वतःची आहे, तिच्यासाठी हे सगळं लिहिते आहे. मध्ये सगळे ठेके थांबतात आणि तुझी जोडीदारीण गंधारावर एकटी उभी राहते. तिथे ती किंचित बेसूर वाटते म्हणून तू सॉफ्टवेअरने तिचा स्वर ‘दुरुस्त’ केला आहेस. कळतं ते. पण ती बेसूर नव्हती, तुझा सिंथेसायझर होता. कीबोर्डचा शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर असतो आणि तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार 386च्या आसपास. मुलगी लहानपणापासून तंबोऱ्यावर शिकली आहे, तिचा गळा बरोबर तिथेच जातो. हे 14 सेंट तुझ्या मशीनमध्ये खाली आणता येतात, ट्युनिंगच्या कोष्टकात आकडा बदलायचा, एवढंच. खर्जाची तार छेड, जवारीचा दोरा हळूहळू सरकव, गंधार उमलून आला की त्याला लावून सिंथेसायझर मिळव. मग तिची दुरुस्ती न केलेली मूळ टेक परत घाल. ते गाणं कुठच्या कुठे जाईल. बारा सारख्या घरांतून बाहेर पडलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत देवासातून निघालं तर ते देवासचं म्हणून ओळखू येईल.

पाचव्या गाण्याचं दुखणं निराळं. खेड्यातल्या मंडळीचं कबीराचं भजन तू मोबाइलवर टिपलंस आणि वापरलंस, गाणाऱ्याचं नाव कुठे नाही. ‘लोकसंगीत’ एवढं लिहून भागत नाही. कबीराचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण तो गळा, तो पाच तारांचा तंबोरा, ती करताल विशिष्ट माणसांची आहे आणि गाणाऱ्याचा आपल्या गाण्यावरचा हक्क कायदाही मानतो. आपल्या भागातल्या, कबीर गाणाऱ्या प्रह्लादसिंह टिपानियांना 2011मध्ये आणि देवासच्या कालूराम बामनियांना 2024मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यामागे गावोगाव रात्रभर गाणारी कितीतरी माणसं आहेत, त्यांचं नाव कुठेही छापून येत नाही. निदान तुमच्या आल्बमवर ते यावं, आणि मिळकतीतला हिस्साही ठरवून, लिहून द्यावा.

लिहिण्यावरून आठवलं. तुम्हा दोघांतही काही लिहिलेलं नाही ना? मैत्री आहे तोवर ते अवघड वाटतं, म्हणून मैत्री आहे तोवरच करावं. कुठलं गाणं कुणी रचलं, शब्द कुणाचे, जोडी मोडली तर नाव कोण वापरणार, एवढं एका कागदावर येऊ दे. कंपनीशी करार करताना ध्यानात ठेव की कॉपीराइट कायद्यातल्या 2012च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला कायमचा लिहून देता येत नाही. कुणी तसं कलम पुढे केलं तर सही करू नका. आणि तिचं नाव तुझ्या नावाएवढ्याच अक्षरांत येऊ दे. कुमारजींच्या दुसऱ्या पत्नी वसुंधराताईंनी वर्षानुवर्षं त्यांच्या मागे बसून साथ केली. स्वतः केवढ्या गायिका होत्या, हे पुष्कळांना फार उशिरा कळलं. पद्मश्री मिळाली ती 2006मध्ये. तुमच्या आल्बमवर तुझं नाव ठळक आहे आणि तिचं ‘गायन’ म्हणून खाली बारीक. चाली निम्म्या तिच्या आहेत, हे तूच मला सांगितलंस.

दिल्लीच्या मिडिव्हल पंडित्झचा पहिला आल्बम 2002मध्ये आला, मुंबईच्या शायर अँड फंकचा 2007मध्ये. ही दोन्ही तुमच्यासारख्या इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या जोड्यांचीच कामं. मोठ्या शहरात असल्याने त्यांना कार्यक्रम, क्लब, ओळखी जवळ होत्या. तुम्हाला ते नाही, याचं तू पत्रात फार वाईट वाटून घेतलं आहेस. इंदूर तासाभरावर आहे, कार्यक्रम तिथे करता येतील. पण तुझ्या घरापासून तासाभरात कबीर गाणाऱ्या जितक्या मंडळ्या भेटतील तितक्या मुंबईच्या पोरांना सापडणार नाहीत.

तेव्हा या आठवड्यात दोघं त्या भजनमंडळीच्या गावी जाऊन या. पाचवं गाणं त्यांना चांगल्या स्पीकरवर ऐकवा, मोबाइलवर नको. त्यांना आवडलं नाही तर ते गाळा. आवडलं तर त्यांची नावं, त्यांना हवी तशी, त्यांच्याकडूनच लिहून घ्या आणि मला कळव.

तुझी,
आत्या