मोटरची सायकल आणि माझा डावा पाय

सुदामा नगरातल्या आमच्या गच्चीवर प्लॅस्टिकखाली एक यंत्र पडून आहे. खुर्चीत बसून फिरवायची, मोटरवर चालणारी छोटी सायकल. किंमत 14,000 रुपये. पैशांचं सोडा, तिच्या नादात माझे तीन महिने गेले. म्हणून हे लिहितोय.

लकवा झाला (इंदुरात मराठी घरांतही हाच शब्द) आणि डावी बाजू गेली. घरी आलो तेव्हा धरून उभा राहायचो, पण पाऊल लोंबायचं, चवडा फरशीला घासायचा. मोबाइलवर व्हिडिओ पाहून मीच सायकल मागवली आणि फिजिओथेरपिस्टबाईंना सांगितलं, आता येऊ नका.

पोहे खाऊन बसायचं, पाय पट्टीनं बांधायचा, बटण दाबायचं. पडद्यावर आकडे वाढायचे, घरचे खूश. एकदा बायकोनं मोजा काढला तर रक्ताचा डाग. पट्टी काचून घोट्यावर रुपयाएवढी जखम झाली होती. पायाला संवेदना कमी, मला पत्ताच नव्हता.

बाईंना पुन्हा बोलावलं. त्यांनी आधी प्लग काढला. "काका, आता फिरवा." फिरवली, पण सगळा जोर उजव्या पायाचा. पेडल एकमेकांना जोडलेली, त्यामुळे डावा नुसता ओढला जात होता.

त्यांनी समजावलं ते असं. मोटरमुळे सांधे मोकळे राहतात, पण मेंदूचा शाबूत भाग शिकतो तो आपण स्वतः जोर लावल्यावर. आणि ज्या कामाचा सराव, तेच काम येतं. चालायचं असेल तर उभं राहून त्या पायावर भार टाकायलाच हवा. अमेरिकेत 408 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. काहींना पट्ट्यांनी तोलून ट्रेडमिलवर चालवलं, काहींना फिजिओथेरपिस्टनं घरीच ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम दिले. वर्षाअखेरीस दोन्हींची प्रगती सारखीच निघाली.

माझ्यासारखी वेळ आलेल्यांना चार गोष्टी सांगतो.

खुर्चीवरून उठ-बस हा बिनपैशांचा व्यायाम. आजारी पाय किंचित मागे घेऊन उठा, म्हणजे भार त्याच्यावर येतो. सुरुवातीला कुणीतरी शेजारी हवंच.

पाऊल लोंबत असेल तर बुटात घालायचा स्प्लिंट मापानं करून घ्या. काढल्यावर कातडी रोज पाहा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर माप चुकलं.

गुडघ्याखालच्या नसेला हलका विजेचा झटका देऊन पाऊल उचलणारं यंत्रही मिळतं. काहींना चांगलं लागू पडतं, पण आधी वापरून पाहा. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका.

काठी चांगल्या हातात धरायची, मूठ मनगटाच्या उंचीला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना आजारी पाय आधी.

आज मी स्प्लिंट घालून, काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो. गच्चीवरची सायकल कुणाला हवी असेल तर फुकट देईन. फक्त तुमच्या फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी घेऊन या.