कवडशांतील सूर्य व त्याजवरील डाग



कोल्हापुराकडील कौलारू घरांत दुपारीं बसलें असतां कौलांच्या फटींतून जमिनीवर पडलेले उन्हाचे कवडसे आपण सर्वांनीं पाहिले आहेत. फट कधीं लांबट असते, कधीं तिकोनी असते, कधीं फुटक्या कौलासारखी वेडीवांकडी असते; तरी बारीक फटींतून दूरवर पडलेला कवडसा गोलच दिसतो. असें कां व्हावें? कारण तो कवडसा फटीची आकृति नव्हे, तर प्रत्यक्ष सूर्याची प्रतिमा आहे. म्हणूनच ग्रहणाच्या वेळीं झाडाखालचे सर्व कवडसे कोरीसारखे होतात. फटीपासून जमिनीपर्यंत जितकें अंतर, त्याचा सुमारें १०८ वा भाग एवढा त्या प्रतिमेचा व्यास असतो. तीन मीटर अंतर असल्यास कवडसा सुमारें २८ मिलिमीटरांचा पडेल.

यावरून या पाठाचें मूळ तत्त्व ध्यानांत येईल: सूर्याकडे पाठ करूनही सूर्य पाहतां येतो, आणि तोच निर्भय मार्ग आहे.

१. पहिला नियम डोळ्यांचा

डोळ्याच्या आंतील पडद्यास वेदना कळत नाहीं. त्यामुळें सूर्याकडे टक लावून पाहिल्यानें तो भाजला, तरी त्या क्षणीं कांहीं समजत नाहीं. कांहीं तासांनीं दृष्टीच्या मध्यभागीं अंधुक डाग दिसूं लागतो, व कधीं कधीं तो जन्मभर जात नाहीं. काजळी धरलेली कांच, क्ष-किरणांची फिल्म, रंगीत गॉगल, परातींतील पाणी, हे जे उपाय खेड्यांतून चालत आले आहेत, ते सर्व सोडून द्यावे. त्यांनीं डोळे दिपणें कमी होतें, परंतु न दिसणारे घातक किरण आंत येतच राहतात. दुर्बिणींतून तर सूर्याकडे एक निमिषही पाहूं नये. ज्या घरीं अथवा शाळेंत मुलें जमतात, तेथें हा नियम प्रथम सांगावा व मगच दुर्बीण बाहेर काढावी.

२. लहान दुर्बीण व पांढरा कागद

पन्नास-साठ मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण या कामास पुरेशी आहे. ती तिवईवर घट्ट बसवावी. नेम धरण्यासाठीं जी छोटी दुर्बीण वर जोडलेली असते तिचें तोंड झांकावें. नळीची सावली पाहत दुर्बीण फिरवावी. सावली सर्वांत आंखूड झाली, म्हणजे दुर्बीण सूर्याकडे रोखली गेली असें समजावें. डोळा लावण्याच्या भिंगामागें वीस-तीस सेंटिमीटरांवर पांढरा कागद धरावा. नळीभोंवतीं पुठ्ठ्याची चकती बसविल्यास कागदावर सावली पडून प्रतिमा स्पष्ट दिसते. नेत्रभिंगांत प्लास्टिकचा भाग असूं नये, कारण उष्णतेनें तो वितळतो. मधून मधून दुर्बीण वळवून तिला थंड होऊं द्यावें, व ती उन्हांत एकटी सोडून कधींही जाऊं नये.

कागदावर काळा ठिपका दिसला तर तो सूर्याचाच असेल असें लागलीच मानूं नये. नेत्रभिंग हळूच फिरवावें. ठिपका त्याबरोबर फिरला, तर तो भिंगावरील धुळीचा कण होय. जागचे जागीं राहिला, तर तो सूर्यावरील डाग असण्याचा संभव आहे.

३. डाग म्हणजे काय

सूर्याच्या पृष्ठभागाची उष्णता सुमारें ५५०० अंश सेल्सिअस आहे. डागाच्या गाभ्याची उष्णता चार हजारांच्या आसपास असते. म्हणजे डाग कांहीं विझलेला कोळसा नव्हे. भोंवतालच्या अधिक तेजामुळें तो काळा दिसतो इतकेंच. त्या ठिकाणीं चुंबकीय शक्ति फार प्रबळ असल्यामुळें खालून वर येणारी उष्णता अडते. मोठ्या डागांत काळा गाभा व त्याभोंवतीं फिकट कडा असे दोन भाग दिसतात. आपण पंधरा सेंटिमीटरांचें वर्तुळ काढलें, तर त्या मानानें आपली सारी पृथ्वी जेमतेम दीड मिलिमीटर होईल. यावरून डागांचा आकार ताडून पाहावा.

४. एका पाळकाच्या घरांतील शोध

मोठे डाग नुसत्या डोळ्यांनीं दिसल्याच्या नोंदी चीन देशांत दोन हजार वर्षांपूर्वींच्या आहेत. परंतु या विषयावरील पहिलें छापील पुस्तक १६११ सालीं निघालें, तें योहान फाब्रिशियस या तरुणाचें. त्याचा बाप डेव्हिड हा जर्मनींतील ऑस्टेल नांवाच्या खेड्याचा पाळक होता. मुलानें हॉलंडहून दुर्बीण आणली, व बापलेकांनीं उगवत्या सूर्याकडे ती लावून डाग पाहिले. डोळ्यांस त्रास होऊं लागला तेव्हां त्यांनीं ती रीत सोडली, आणि अंधाऱ्या खोलींत बारीक छिद्रांतून सूर्याची प्रतिमा कागदावर घेतली. म्हणजे आपल्या कवडशाचाच त्यांनीं उपयोग केला! डाग एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकतात, नाहींसे होतात व पुनः उगवतात, हें पाहून सूर्य स्वतःभोंवतीं फिरतो असें अनुमान त्यांनीं काढलें. तें खरें ठरलें. पृथ्वीवरून पाहतां ही फेरी सुमारें २७ दिवसांची असते, म्हणून एक डाग समोरून जाण्यास साधारण १३ दिवस घेतो.

५. शोधावें एक, सांपडावें दुसरें

जर्मनींतीलच डेसाउ गांवीं हाइन्रिख श्वाबे नांवाचा औषधविक्या होता. बुधाच्या आंत आणखी एखादा ग्रह आहे काय, हें शोधण्यासाठीं १८२६ पासून तो रोज सूर्य पाहूं लागला. ग्रह मिळाला नाहीं, कारण असा ग्रहच नाहीं. परंतु सतरा वर्षांच्या वहीवरून त्यास दिसलें कीं, डागांची संख्या सुमारें दहा वर्षांच्या क्रमानें वाढते व घटते. हें त्यानें १८४४ सालीं प्रसिद्ध केलें. आज तें चक्र सरासरी अकरा वर्षांचें मानतात. डाग नसलेल्या दिवसांची नोंद त्यानें गाळली असती, तर हा शोध लागलाच नसता.

६. कुलाब्याची वही

१ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत कॅरिंग्टन हा गृहस्थ सूर्याची प्रतिमा पडद्यावर घेऊन डाग काढीत असतां डागांच्या एका समूहावर एकाएकीं दोन तेजस्वी झोत चमकले. सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीवर चुंबकीय वादळ झालें व तारयंत्रें बिघडलीं. त्या वेळीं मुंबईस कुलाबा वेधशाळेंत चुंबकीय मापें घेतलीं जात होतीं. तेथील आंकडा सुमारें १६०० नॅनोटेस्ला इतका खालीं गेला, आणि तो तसाच वहींत लिहिला गेला. १४४ वर्षांनीं, म्हणजे २००३ सालीं, शास्त्रज्ञांनीं त्या वहीवरून वादळाचें बळ ठरविलें. ज्यांनीं ते आंकडे लिहिले त्यांचीं नांवें आज लोकांच्या मुखीं नाहींत. त्यांचा खरेपणा मात्र उपयोगी पडला.

मे २०२४ मध्यें पृथ्वीच्या सुमारें पंधरापट रुंद असा डागांचा समूह सूर्यावर आला, व १० आणि ११ तारखेस मोठें वादळ होऊन लडाखांतील हानले येथें आकाशांत तांबडा प्रकाश दिसला. आपल्या पंधरा सेंटिमीटरांच्या वर्तुळांत तो समूह दोन सेंटिमीटरांहून अधिक भरला असता.

७. वही कशी ठेवावी

रोज तेवढेंच वर्तुळ काढावें. तारीख, वेळ व आकाशाची स्थिति लिहावी. दुर्बीण न हलवितां प्रतिमा सरकूं द्यावी. जी कड पुढें सरकते ती पश्चिम. नंतर समूह मोजावे व सुटे डाग मोजावे. झुरिखच्या वुल्फ यानें घालून दिलेली रीत अशी: समूहांची संख्या दसपट करून तींत डागांची संख्या मिळवावी. तीन समूह व त्यांत एकूण आठ डाग असल्यास संख्या ३८ होईल. डाग नसल्यास शून्य लिहावें. ढग असल्यास "ढग" लिहावें. न पाहिलेल्या दिवशीं अंदाजानें कांहींही लिहूं नये.

कोणी म्हणेल, आज २०२३ सालीं निघालेलें आदित्य-एल१ यान पुण्यांतील आयुका संस्थेंत घडलेली दुर्बीण घेऊन सूर्य पाहत आहे; मग आपल्या पेन्सिलीचें काय काम? उत्तर असें कीं, गॅलिलिओच्या काळापासूनच्या नोंदींशीं आजची नोंद जुळावी म्हणून बेल्जममधील ब्रसेल्स येथें जगभरांतील निरीक्षकांच्या लहान दुर्बिणींतून केलेल्या मोजण्या अद्यापि गोळा केल्या जातात, आणि त्यांत हौशी माणसांचाही वांटा असतो.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढगांत जातात. दिवाळीनंतर आकाश निवळतें. जमीन तापण्यापूर्वीं, सकाळींच पाहावें. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत कोल्हापुरास दुपारीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो, तेव्हां दुर्बीण रोखणें अवघड जातें. ज्यांजवळ दुर्बीण नाहीं त्यांनीं कवडशापासून आरंभ करावा. २ ऑगस्ट २०२७ रोजीं दुपार ढळल्यावर आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. पावसानें उघडीप दिली, तर मुलांस झाडाखालीं न्यावें व कोरीसारखे कवडसे दाखवावे.

अभ्यासाचे प्रश्न

१. तिकोनी फटींतून गोल कवडसा कां पडतो?
२. डोळा भाजल्याचें तत्काळ कां समजत नाहीं?
३. धुळीचा कण व सूर्यावरील डाग यांतील भेद कसा ओळखावा?
४. पांच समूह व एकूण बारा डाग असल्यास वुल्फची संख्या किती?
५. शून्य लिहिलेला दिवस व कांहींच न लिहिलेला दिवस यांत काय फरक आहे?