पडत्या संघाचे पाठीराखे

संघ जिंकत असता त्याचा जयजयकार करणारे पुष्कळ भेटतात. परंतु तो सतत हरत असता, किंबहुना नाहीसा होण्याची वेळ आली असता, त्याच्या पाठीशी कोण उभे राहते? या प्रश्नाचे उत्तर देणारी एक घटना अमेरिकेतील अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम शहरी घडली.

तेथील विद्यापीठाचा फुटबॉल संघ 1991 साली सुरू झाला. हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. त्यात चेंडू लंबगोल असून तो हाती घेऊन धावावयाचे असते. शिरस्त्राणे, मैदाने, प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या असा त्याचा खर्चही मोठा असतो. 2005 ते 2013 या नऊ वर्षांत एकाही हंगामात या संघाचे विजय पराजयांहून अधिक झाले नाहीत. 2013 साली तर बारांपैकी दोनच सामने त्याने जिंकले. पुढील वर्षी बिल क्लार्क हे नवे प्रशिक्षक आले आणि सहा विजय मिळाले. आशा पालवू लागली, तोच 2 डिसेंबर 2014 रोजी विद्यापीठाच्या अध्यक्षांनी हा संघ बंद करीत असल्याचे जाहीर केले. बोलिंग व रायफल नेमबाजी हे खेळही त्याबरोबर बंद झाले.

अध्यक्षांचे म्हणणे असे, की संघ नीट चालवावयाचा तर पाच वर्षांत आणखी 4 कोटी 90 लक्ष डॉलर लागतील. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. कारण विद्यापीठाचे पहिले कर्तव्य विद्यादान हेच होय.

खेळाडू, विद्यार्थी, माजी विद्यार्थी व नागरिक क्षुब्ध झाले. सभा झाल्या, निषेध झाले. परंतु केवळ घोषणांनी तिजोरी भरत नाही, हे जाणत्यांनी ओळखले. त्यांनी मूळ हिशेबालाच हरकत घेतली आणि त्याची नव्याने तपासणी झाली. उद्योजकांनी व माजी विद्यार्थ्यांनी देणग्यांची वचने दिली, नगरपरिषदेने साहाय्य देऊ केले, विद्यार्थी प्रतिनिधींनीही आपला वाटा उचलण्याची तयारी दर्शविली. अखेर 1 जून 2015 रोजी तिन्ही खेळ पुन्हा सुरू करण्याचा निर्णय जाहीर झाला.

तथापि झालेली हानी एका दिवसात भरून येणारी नव्हती. अनेक खेळाडू अन्य विद्यापीठांत निघून गेले होते. 2015 व 2016 या दोन्ही हंगामांत संघ एकही सामना खेळू शकला नाही. क्लार्क मात्र तेथेच राहिले. सामना नाही, टाळ्या नाहीत, केवळ सराव, अशा स्थितीत त्यांनी संघ नव्याने उभारला. दात्यांच्या साहाय्याने सरावाची नवी वास्तूही उभी राहिली.

2 सप्टेंबर 2017 रोजी संघ पुन्हा मैदानात उतरला, तेव्हा 45 हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. त्या वर्षी तेरांपैकी आठ सामने संघाने जिंकले. आणि 2018 साली आपल्या गटाचे अजिंक्यपद प्रथमच मिळविले.

या कथेचा बोध केवळ विजयाचा नाही. संस्थेवरील प्रेमाला क्रोधाचे रूप सहज येते. त्याला हिशेबाचे, त्यागाचे व धीराचे रूप देणे कठीण असते. बर्मिंगहॅमकरांनी ते दिले म्हणून संघ जगला. मित्रहो, आज आपण या शाळेचे विद्यार्थी आहोत, उद्या माजी विद्यार्थी होऊ. तिचा उत्कर्ष होईल तेव्हा अभिमान बाळगणे सोपे आहे. तिच्या अडचणीच्या काळी आपण काय घेऊन तिच्या दाराशी येऊ, याचा विचार आजपासूनच करू या.